मेन्यूकार्डावरच्या चार ओळी

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, दादा होता तोवर दादाला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या वहिनींना तर नाहीच. टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध शेफने आमच्या मागच्या अंगणात उभं राहून मला विचारलं होतं, "ये आपकी भाभी हैं?" आणि मी म्हणालो होतो, "नहीं नहीं, हमारे यहाँ काम करती हैं." वहिनी तेव्हा माझ्यापासून चार हातांवर, चुलीपुढे बसल्या होत्या.

मी शहाद्याकडच्या एका शाळेत मास्तर आहे. वर्गात तासभर बोलतो, घरी मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तरी अर्धंच सांगतो. लोक याला शांत स्वभाव म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

झालं असं होतं. त्या शेफची मंडळी मोलगीच्या आठवडे बाजाराचं शूटिंग करायला आली होती. आमचूर, भगर, डोंगरातून पायी उतरणारी माणसं, असलं सगळं त्यांना हवं होतं. त्यांची गाडी चालवणारा माझ्या ओळखीचा निघाला. तो फोनवर म्हणाला, "सर, साहेबांना खापरावरचे मांडे बघायचेत. परतताना तुमच्याकडे जमेल का?" मी जमेल म्हणालो आणि घरी विचारायच्या आधी स्टाफरूममध्ये सांगून मोकळा झालो की टीव्हीवाले आमच्या घरी येताहेत.

मांडा म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, पण तिला पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला उंडा दोन हातांवर झेलत झेलत वाढवायचा, दोन्ही हात कोपरापर्यंत झाकले जातील एवढा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर न फाटता टाकायचा. आमच्या भागात हे काम येणाऱ्या बायका आता कमी होत चालल्यात. वहिनींच्या हातचा मांडा मात्र असा की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा. लग्नकार्यात तालुक्यातून त्यांना बोलावणं यायचं, आणि दादा ते अभिमानाने सांगायचा.

टीव्हीचं ऐकून दादाने एवढंच म्हटलं, "जेवू घाल त्यासले पोटभर. पन घरनी बाई टीव्हीमा दिसाले नको."

त्यात मला विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडे शेतीवाडीवाल्या घरांत असं अजून चालतं. वहिनींनाही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "हात दिसनात त चाली ना?" दादा हसला. म्हणजे परवानगी मिळालेलीच होती, फक्त हातांची. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दादाच्या भीतीने माझ्या तोंडून तसं गेलं. ते खोटं आहे. "हो, वहिनी आहेत, फक्त हात घ्या," एवढं म्हणून काम भागलं असतं.

खरं कारण असं की शेफ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मागच्या दाराशी आला आणि मी त्याच्या नजरेने अंगण बघितलं. वहिनी पहाटेपासून चुलीपुढे होत्या. कपाळावर पीठ, पदराला राख, काखेत ठिगळ लावलेलं पोलकं. चांगली साडी धुराने खराब होते म्हणून त्या मांडे करताना नेहमी जुनं नेसायच्या, हे मला माहीत होतं, त्याला कुठून असणार. त्याने विचारलं आणि मला लाज वाटली. लाजेला फार वेळ लागत नाही. मी बोलून गेलो होतो.

त्याने मान हलवली आणि वहिनींच्या समोर चक्क मातीत बसकण मारली. तासभर बसला. उंडा हातावर घेऊन बघितला, दोनदा फाडला, वहिनी पदराआडून हसल्या. तिथंच पोटभर जेवला. निघताना त्याने वाकून त्यांच्या हातात एक घडी घातलेली नोट ठेवली. त्याच्या हिशेबी ती बक्षिसी होती. चांगल्या माणसाने मोलकरणीला द्यावी तशी.

आमच्याकडे भाऊ बहिणीच्या घरी जेवला तर निघताना तिचा हात रिकामा ठेवत नाही. वहिनींचा सख्खा भाऊ जमिनीच्या वाटणीवरून रुसलेला, अकरा-बारा वर्षं त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. वहिनींनी ती नोट कपाळाला लावली. डोळ्यांतून पाणी आलं. शेफही हेलावला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी वाटताहेत हे त्या अंगणात फक्त मला कळत होतं.

ती नोट कुंकवाच्या डबीखाली गेली. मध्ये एकदा सुट्टे हवे होते म्हणून मी ती मागितली, तर वहिनी म्हणाल्या, "भावानी दिधेल शे ती. मोडानी नही."

कार्यक्रम लागला तेव्हा अख्खी गल्ली आमच्याकडे. मोजून अर्धं मिनिट वहिनींचे हात दिसले, गोंदणासकट. वर संगीत होतं, बोलणं नव्हतं. मी सुटलो असं मला वाटलं. तेव्हापासून तो शेफ कुठल्याही वाहिनीवर दिसला की वहिनी हातातलं काम ठेवून बघायच्या. "मन्हा भाऊ उना," म्हणायच्या. दादा चिडवायचा, "तुन्हा भाऊले सांग, भाचरंसले कपडा धाड."

दादा गेल्यावर वहिनींचं बोलणं कमी झालं. त्यांच्या मुली आपापल्या घरी, त्यामुळे त्या आमच्यातच असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बायकोने गोव्याचा घाट घातला. वहिनी नको म्हणत होत्या. मग बायकोने मोबाईलवर त्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्याच शेफने गोव्यात नवीन रेस्टॉरंट काढलं होतं, आणि तिथं मांडा मिळतो असं तो सांगत होता.

वहिनी म्हणाल्या, "भाऊनं हाटेल शे तठे? मंग येस मी."

इथून माझा वैताग सुरू झाला, आणि त्याचं कारण मला कोणाला सांगता येत नव्हतं. टेबल पंधरा दिवस आधी राखून ठेवावं लागतं. फोनवरच्या मुलीने माझं आडनाव तीनदा विचारलं, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत का ते विचारलं, काही खास प्रसंग आहे का तेही विचारलं. मी नाही म्हणालो. बायको मागून म्हणाली, "सांगा ना, वहिनींचा भाऊ भेटणारे." वहिनींनी दिवाळीचा फराळ बाजूला ठेवून भावासाठी बिबड्यांची पिशवी भरली. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, नुसता हात लागला तरी मोडणारा. ती पिशवी नंदुरबारपासून गोव्यापर्यंत, दोन गाड्या बदलून, वहिनींनी मांडीवर आणली. समुद्र बघितला तेव्हाही ती मांडीवरच होती.

रेस्टॉरंटच्या दारात ती पिशवी अडवली. गार्ड म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. वहिनींनी त्याला समजावलं, "मी खावाले नही आनेल. भाऊले देवाले आनेल शे." त्या बिचाऱ्या गार्डला अहिराणी कुठून येणार. त्याने पिशवीला नंबर लावला आणि वहिनींना एक बिल्ला दिला. त्यांनी तो कनवटीला लावला.

दुपारचा दीड वाजला होता. भूक मरून गेली होती. खुर्च्या अशा की पाठ टेकवली तर ताट लांब जातं, ताट जवळ घेतलं तर पाठ अधांतरी. हात धुवायला बेसिन दिसेना. पाणी कुठलं हवं, याचे तीन प्रकार. हंड्याएवढ्या वाडग्याच्या तळाशी काकडीचे तीन तुकडे आले, आणि ते का आले हे सांगायला वेटरला त्या तुकड्यांपेक्षा जास्त वेळ लागला. एक घास झाला की तो परत यायचा, "सर, सब ठीक है?" मी म्हणायचो ठीक. वहिनी दर वेळी दाराकडे बघायच्या आणि विचारायच्या, "तो उना का?"

तो नव्हता. परदेशी शूटिंगला गेला होता. त्याचा पुरुषभर उंचीचा फोटो मात्र दारात होता, हात जोडलेला. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. वहिनी म्हणाल्या, "कामना मानूस शे. असू द्या." मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं.

मेन्यूकार्ड एकच दिलं होतं, ते माझ्या हातात. सगळं इंग्रजीत. शेवटच्या पानावर मांडा, आणि खाली तिरक्या अक्षरांत चार ओळी. मी त्या दोनदा वाचल्या. मराठीत त्या अशा: 'सातपुड्याच्या पायथ्याशी एका सधन शेतकऱ्याच्या घरी राबणाऱ्या मोलकरणीने हा पदार्थ आमच्या शेफला शिकवला. तिला स्वतःचं असं काहीच नव्हतं, होते ते फक्त हात. शेफने निघताना तिला छोटीशी बक्षिसी दिली तेव्हा ती रडली. हा मांडा तिला अर्पण.'

एक क्षण मला त्या शेफचा राग आला. कसला माणूस, कुठली गोष्ट छापतो. मग आठवलं की त्याने ऐकलं तेच छापलं आहे. रागालाही जागा उरली नाही.

वहिनी वाकून म्हणाल्या, "भाऊजी, वाची दखाडा ना. मन्हं काही लिखेल शे का?"

मी वाचायला लागलो. ओळीवर बोट ठेवून, वर्गात वाचतो तसं. "'सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात आमच्या शेफना एक बहीण भेटली. तिने त्यांना पोटभर जेवू घातलं आणि मांडा शिकवला. तिच्या हातांसारखे हात शेफने दुसरीकडे बघितले नाहीत. हा मांडा त्या बहिणीला अर्पण.'"

ओळी चारच ठेवल्या. मास्तर आहे, मापात खोटं बोलता येतं.

डोक्यावरचा पदर वहिनींनी नीट पुढे ओढून घेतला, कोणी वडीलधारं घरात आल्यासारखा. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मांडा आला. तळहाताएवढा, काळ्या दगडी फरशीवर, गुंडाळलेला, वर आमचुराचा कसलासा फेस. वहिनींनी तो उलटापालटा करून बघितला.

"हाऊ मांडा शे? भातुकलीना?"

बायको हसू दाबत म्हणाली, "वहिनी, हळू. भाऊचं हॉटेल आहे."

वहिनींनी एक तुकडा मोडला, आधी वास घेतला, मग खाल्ला. "पुरन चांगलं शे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आवाज खाली आणून, भावाची बाजू सांभाळल्यासारखं, "पन हाऊ तव्यावरना शे. खापरना नही. तो नही ना आठे, म्हनीसन."

बायकोला राहवलं नाही. तिने वेटरला मोडक्या हिंदीत सांगितलं की मांडा शिकवणाऱ्या त्या याच. एवढं सांगून ती हात धुवायला बेसिन शोधत निघून गेली, आणि वेटर मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर भला माणूस होता, हे मला सांगायलाच हवं. तो वहिनींपुढे कमरेत वाकला. गार्डकडून स्वतः जाऊन बिबड्यांची पिशवी आणली, सरांपर्यंत पोचवतो म्हणाला. आणि मी काही म्हणायच्या आत त्याने फोन काढून शेफला व्हिडिओ कॉल लावला.

लागायला नको होता. लागला. त्याने फोन माझ्या हातात दिला, वहिनी टेबलापलीकडे होत्या. पडद्यावर तोच चेहरा, थोडा उतरलेला, मागे कुठलंतरी स्वयंपाकघर. त्याने मला ओळखलं.

"अरे, खानदेश वाले सर! उनको घुमाने लाए हैं आप? ऐसे मालिक कहाँ मिलते हैं आजकल."

मी म्हणालो, "जी."

"उनके हाथ दिखाइए ना ज़रा. वो हाथ मैं भूला नहीं हूँ."

वहिनींनी त्याचा आवाज ओळखला होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवरच्या रुमालाला पुसले आणि टेबलावरून माझ्याकडे, फोनकडे, पुढे केले. मी फोन अर्धा त्यांच्याकडे वळवला, पण पुढच्या वाक्यात तो त्यांना काय म्हणणार हे मला माहीत नव्हतं. कदाचित नुसतं नमस्ते म्हणाला असता. मी अंगठ्याने लाल खूण दाबली.

"रेंज गेली," मी म्हणालो.

मॅनेजर म्हणाला, "सर, यहाँ तो वाय-फाय है." त्याने पुन्हा लावून बघितलं. पलीकडून उचलला गेला नाही.

वहिनींचे हात काही वेळ तसेच टेबलावर होते. मग त्यांनी ते मागे घेतले. "दिसना ना तरी," त्या म्हणाल्या. "वाळी गया बिचारा."

तेवढ्यात बायको परत आली. काय झालं ते वहिनींनीच तिला सांगितलं, हसत. बिल देताना मॅनेजरने आठवण म्हणून मेन्यूचं ते शेवटचं पान एका जाड कार्डावर छापून आणून दिलं. मी हात पुढे केला होता, पण त्याने ते वहिनींच्या हातात दिलं.

परतीच्या गाडीत वहिनी झोपल्यावर बायकोने ते कार्ड हळूच काढून वाचलं. तिला इंग्रजी वाचता येतं, सावकाश का होईना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"तुम्ही वाचलं ते यात नाहीये," ती म्हणाली.

"हं."

"केवढा खोटारडा माणूस आहे हा. वहिनींना मोलकरीण म्हणतो? आपल्या घरी जेवून गेला." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बरं केलंत तुम्ही. वाचून दाखवलं नाहीत ते. मला नसतं सुचलं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढं कौतुक तिने माझं याआधी केल्याचं मला आठवत नाही. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. शेजारचा बर्थ रिकामा होता, वहिनी झोपलेल्या, ऐकणारी एकटी ती. मी म्हणालो, "जाऊ दे आता." ती घरी आल्यावर त्या शेफला खरमरीत पत्र लिहायला बसली होती, तर मीच तिला अडवलं, मोठ्या माणसांच्या नादी लागू नये वगैरे सांगून. आजही तो टीव्हीवर दिसला की ती वाहिनी बदलते, आणि वहिनी म्हणतात, "ऱ्हाऊ दे ना व." ती माझ्याकडे बघते, आमच्या दोघांचं काही गुपित असल्यासारखी. मी वर्तमानपत्र उचलतो.

कार्ड वहिनींनी फ्रेम करून घेतलं. पुढच्या खोलीत, दादाच्या फोटोशेजारी लावलंय. आलेल्या-गेलेल्याला दाखवतात. आमच्याकडे येणाऱ्यांत इंग्रजी वाचणारे थोडे, आणि वाचता येतं तेही लांबून मान डोलावतात, म्हणून वर्ष निघालं. मागच्या महिन्यात बायकोचे मामा आले होते, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि उठून फ्रेमजवळ गेले. मी म्हणालो, "मामा, चहा गार होतोय." ते बसले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यासले वाचू द्या ना, भाऊजी." मी घाईने दुसरा विषय काढला. प्रत्येक पाहुण्याला मी असाच चहा पाजत बसणार आहे का?

कधीकधी वाटतं वहिनींनी त्या दिवशी अंगणात माझं बोलणं ऐकलं असेल. कधी वाटतं फोनवरचा 'मालिक' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला असेल, हिंदी मालिका त्या माझ्यापेक्षा जास्त बघतात. त्यांना सगळं माहीत आहे असं धरून चाललं तर माझं काम फार सोपं होतं. म्हणूनच मी तसं धरत नाही.

दोनदा सांगायला गेलो. एकदा त्या बिबड्यांचं पीठ शिजवत होत्या, म्हणाल्या, "हलवा जरा, हात दुखना." मी पाऊण तास पीठ हलवलं आणि उठून आलो. दुसऱ्यांदा फ्रेमच पुसत होत्या.

तो शेफ माझ्यामुळे माझ्या घरात खोटारडा ठरलाय, हे बायकोला सांगायचं राहिलंय. वहिनी आमच्या घरातल्या थोरल्या आहेत, हे त्या शेफला लिहायचं राहिलंय. आणि त्या फ्रेममधल्या चार ओळी जशा छापल्यात तशा वहिनींना वाचून दाखवायच्या, त्यातला 'मोलकरीण' हा शब्द माझा आहे, आणि ती नोट भावाने दिलेली नव्हती, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं, एवढं मी त्यांना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.